उद्धटपणाचा रकाना



१९७१ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या शाळा अशांत होत्या. सेंट्रल हायस्कूलच्या भोजनगृहात एक दिवस मुलांच्या एका गटाने मोडतोड केली. ड्वाइट लोपेझ नावाच्या विद्यार्थ्याला शाळेने घरी पाठवले. त्याने पुढे दिलेल्या साक्षीनुसार त्याच दिवशी आणखी किमान ७५ मुले निलंबित झाली होती. आपण कशाला हातही लावला नाही, नुसते तिथे होतो, असे तो म्हणत होता. त्याच्यात तथ्य किती, हे पाहायला दोन-चार जणांना विचारले असते तरी पुरले असते. तेवढेही कोणी केले नाही. ओहायोच्या कायद्याने मुख्याध्यापकाला दहा दिवसांपर्यंत मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचा अधिकार दिला होता. त्यासाठी चोवीस तासांत पालकांना कारण कळवायचे, एवढीच अट होती. मुलाचे ऐकून घ्यावे, असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते.

त्याच शहरातली दुसरी एक मुलगी एका वेगळ्याच शाळेत चाललेल्या निदर्शनांच्या ठिकाणी गेली होती. पोलिसांनी बऱ्याच जणांबरोबर तिलाही ठाण्यावर नेले आणि कोणताही गुन्हा न नोंदवता सोडून दिले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत जायच्या आतच, दहा दिवसांसाठी निलंबित केल्याचे तिला कळवण्यात आले. मुख्याध्यापकांनी हा निर्णय कशाच्या आधारावर घेतला, हे पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या कागदपत्रांतही सापडत नाही.

या मुलांचा खटला ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या नावाने प्रसिद्ध आहे. २२ जानेवारी १९७५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिले. शाळेला मुलाला काही दिवस घरी पाठवायचे असेल तर त्याच्यावरचा आरोप त्याला सांगितला पाहिजे, तो नाकारत असेल तर शाळेकडे काय पुरावा आहे ते सांगितले पाहिजे, आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. वकील नको, साक्षीदारांची उलटतपासणी नको. मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्या उभ्या झालेले बोलणेही चालेल. इतके साधे संरक्षण मिळवायला पाचवे मत निर्णायक ठरावे लागले, यावरून त्या देशात शाळकरी मुलाची पत काय होती ते कळते. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांना अशा निकालाने न्यायालये वर्गाच्या दैनंदिन कारभारात शिरतील अशी भीती वाटत होती.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा मूलभूत हक्क नाही. १९७३ साली टेक्सासमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टच सांगितले होते. म्हणून लोपेझच्या वकिलांना आडवाट धरावी लागली. ओहायोनेच कायदा करून मुलांना मोफत शाळा दिली आहे, म्हणजे शाळा ही त्या मुलाच्या हक्काची, जवळजवळ मालमत्तेसारखी गोष्ट झाली, आणि ती योग्य रीतीवाचून काढून घेता येणार नाही, असा तो युक्तिवाद. आपल्याकडे शिक्षणाचा हक्क घटनेच्या कलम २१-अ मध्ये आहे. २००९ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकायला मनाई आहे. हा फरक मनात ठेवून पुढचे ऐकावे.

जोतीराव फुल्यांच्या स्मृतीसाठी चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी अमेरिकेतल्या शाळांचा विषय का निवडला, हे कोणी विचारले तर उत्तर फुल्यांच्याच पुस्तकात आहे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्याच्या माणसाने समुद्रापलीकडच्या लढ्याशी असे नाते जोडले आणि आपले देशबांधव शूद्र बांधवांना मुक्त करण्याच्या कामी त्या लोकांचा कित्ता गिरवोत अशी आशा व्यक्त केली. नऊ वर्षांनी, १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी दाखवून दिले की सरकारी शाळेचे दार कागदावर सर्वांना उघडे असले तरी महार-मांगांची मुले वर्गात इतरांशेजारी बसू शकत नाहीत, म्हणून ती प्रत्यक्षात शाळेबाहेरच आहेत. दार उघडले असे जाहीर झाल्यानंतर आतली माणसे काय करतात, तिकडे त्यांचे लक्ष होते. मला आज तेच पाहायचे आहे. ‘गुलामगिरी’ ज्यांना अर्पण झाली त्यांच्या देशात, मुक्त झालेल्यांच्या पतवंडांचे शाळेत काय झाले?

१७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, हे आपल्याला ठाऊक असते. त्यानंतर दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी दहा-पंधरा वर्षे टाळाटाळ केली, हेही बऱ्याच जणांना माहीत असते. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस मुले खरोखर एकत्र बसू लागली ती बहुतेक ठिकाणी गोऱ्यांच्या शाळांत. कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद झाल्या आणि त्यांचे शिक्षक, मुख्याध्यापक हजारोंच्या संख्येने नोकरीवरून गेले. जी माणसे या मुलांना नावाने, घराने ओळखत होती, ज्यांना मुलाचा आवाज चढला की तो का चढला हे कळत होते, ती माणसे शाळेतून नाहीशी झाली आणि मुले तेवढी नव्या इमारतीत आली. निलंबनाचे प्रमाण याच काळात चढू लागले. १९७३ साली सदर्न रीजनल कौन्सिल आणि रॉबर्ट केनेडी यांच्या नावाच्या स्मारकसंस्थेने मिळून एक अहवाल काढला. ही मुले शाळा सोडत नाहीत, त्यांना बाहेर ढकलले जाते, आणि हा एकत्रीकरणाला चाललेल्या विरोधाचाच भाग आहे, असे त्यात म्हटले होते. दोन वर्षांनी, गॉसचा निकाल लागला त्याच साली, मरियन राइट एडलमन यांच्या चिल्ड्रन्स डिफेन्स फंडाने सरकारचीच आकडेवारी वापरून निलंबनावर अहवाल प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीय मुलांचे निलंबन गोऱ्या मुलांच्या दुप्पट-तिप्पट होते, आणि बहुतेक निलंबने कोणाला इजा करणाऱ्या वर्तनासाठी नव्हती. कित्येक तर शाळेला दांडी मारल्याबद्दल होती. शाळेत येत नाही म्हणून शाळेत येऊ नको!

तेव्हापासून पन्नास वर्षे झाली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ साली २०१३-१४ या शालेय वर्षाचे आकडे तपासले, तेव्हा सरकारी शाळांच्या पटावर कृष्णवर्णीय मुले साडेपंधरा टक्के होती आणि निलंबित मुलांत सुमारे ३९ टक्के. शाळा गरीब वस्तीतली असो की सुखवस्तू, शिक्षेचा प्रकार कुठलाही असो, ही तफावत सगळीकडे दिसली. बालवाडीचे आकडे वाचून तर मी पुस्तक खाली ठेवले होते. २०११-१२ या वर्षी सरकारी बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुले १८ टक्के होती. एकापेक्षा अधिक वेळा निलंबित झालेल्यांत ४८ टक्के. चार वर्षांचे मूल, ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याला शिस्तीसाठी घरी पाठवायचे आणि तेही पुन्हा पुन्हा.

इथे श्रोत्यांच्या मनात येणारा प्रश्न मी टाळणार नाही. ही मुले जास्त दंगा करत असतील तर? गरिबी, मोडलेली घरे, वस्तीतली हिंसा यांचा परिणाम वर्तनावर होणारच. मग तफावत रंगामुळे आहे हे कशावरून?

उत्तर शोधण्यासाठी निलंबनाची सुरुवात जिथून होते तो कागद पाहावा लागतो. अमेरिकेतल्या शाळेत शिक्षकाला मूल आवरेनासे झाले की तो एक चिठ्ठी भरतो आणि मुलाला कार्यालयात पाठवतो. आता बहुतेक ठिकाणी ती संगणकावर भरतात. वर मुलाचे नाव, इयत्ता, वेळ, जागा: वर्ग, जिना, भोजनगृह, बस. खाली कारणांची यादी, तीवर खूण करायची. त्या यादीत दोन जातींची कारणे असतात. सिगारेट ओढली, कोणाला मारले, भिंतीवर लिहिले, न सांगता शाळेबाहेर गेला, ही एक जात. ती घडली की नाही हे दुसऱ्या कोणालाही पडताळता येते. दुसरी जात म्हणजे उद्धटपणा, आज्ञाभंग, अनादर, गोंगाट. हे घडले की नाही ते फक्त चिठ्ठी भरणाऱ्यालाच ठाऊक. मान हलवली ती कशी हलवली, ‘का?’ असे विचारले ते कोणत्या सुरात, पाठ फिरवली ती रागाने की रडू लपवायला, याचा निवाडा तीस मुलांसमोर, काही सेकंदांत, आणि बहुधा स्वतःच दुखावलेल्या मनाने करायचा असतो. चिठ्ठी पुढे जाते ती उपमुख्याध्यापकांकडे. त्यांच्या दाराशी मुलांची रांग असते. ते शिक्षकाला खोटे पाडायच्या फंदात पडत नाहीत. मग घरी फोन, पत्र, आणि एक, तीन, पाच, दहा दिवस.

इंडियाना विद्यापीठातले रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य-पश्चिमेतल्या एका मोठ्या शहराच्या १९ शाळांतल्या ११ हजार मुलांची १९९४-९५ या एका वर्षाची अशी नोंद तपासली. गोरी मुले कार्यालयात जास्त वेळा पाठवली गेली ती धूम्रपान, न सांगता निघून जाणे, मोडतोड आणि शिवीगाळ यांसाठी. कृष्णवर्णीय मुले जास्त वेळा पाठवली गेली ती अनादर, अति आवाज, धमकी आणि उगाच रेंगाळणे यांसाठी. या दोन याद्या शेजारी ठेवून वाचाव्यात. ज्या कृत्याचा मागे पुरावा उरतो त्यात गोरी मुले पुढे आणि ज्यात फक्त कोणाचे तरी मत उरते त्यात कृष्णवर्णीय मुले.

२०११ साली टेक्सासचा अभ्यास आला, तो याहून कितीतरी मोठा. तिथल्या सातवीतल्या जवळजवळ दहा लाख मुलांची नोंद संशोधकांनी पुढची किमान सहा वर्षे तपासली. बारावीपर्यंत दहापैकी सहा मुले एकदा तरी निलंबित झाली होती किंवा शाळेतून काढली गेली होती. त्या सगळ्या शिक्षांपैकी केवळ तीन टक्के शिक्षा कायद्याने सक्तीच्या होत्या. उरलेल्या ९७ टक्के शाळेच्या मर्जीवर. घरची परिस्थिती, गुण, हजेरी, शाळेचा प्रकार अशा ८३ गोष्टी समान धरून पाहिल्यावरही मर्जीतल्या शिक्षेची शक्यता कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. ज्या गंभीर गुन्ह्यांना कायद्यानेच शिक्षा ठरलेली आहे त्यांत मात्र ती जास्त नव्हती. ‘ही मुले जास्त दंगा करतात’ या म्हणण्याचे उत्तर मला इथे मिळते. तफावत जन्मते ती मोठ्यांच्या निर्णयाला मोकळीक असते तिथे.

त्या निर्णयाच्या क्षणी मनात काय चालते, हेही काही जणांनी पाहिले आहे. स्टॅनफर्डमध्ये जेसन ओकोनोफुआ आणि जेनिफर एबरहार्ट यांनी शिक्षकांना एका मुलाच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली, एक सांगितलेले न ऐकण्याची आणि एक वर्गात गडबड केल्याची. मजकूर सगळ्यांना तोच. निम्म्या शिक्षकांच्या कागदावर मुलाचे नाव डार्नेल किंवा डिशॉन, म्हणजे अमेरिकेत कृष्णवर्णीय समजले जाणारे. निम्म्यांच्या कागदावर ग्रेग किंवा जेक. पहिल्या चुकीनंतर फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या चुकीनंतर पडला. ग्रेगच्या दोन चुका दोन वेगवेगळ्या प्रसंगांच्या चुका राहिल्या. डार्नेलच्या दोन चुका मिळून त्याचा स्वभाव झाला. त्याच्याबद्दल शिक्षक अधिक अस्वस्थ झाले, अधिक कडक शिक्षा सुचवू लागले आणि पुढे कधीतरी याला निलंबित करावे लागेल असे त्यांना वाटू लागले. माझ्या मते या सबंध विषयावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आहे. पहिल्या वेळी समजून घेणारे चांगले, सुशिक्षित शिक्षकही दुसऱ्या वेळी कसे वळतात, हे तो दाखवतो.

येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियम यांनी २०१६ साली बालवाडीच्या शिक्षकांना एक चित्रफीत दाखवली. एका टेबलाभोवती चार मुले, एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी. कोणी त्रास द्यायला लागले तर ओळखा, असे शिक्षकांना सांगितले होते. त्या फितीत कोणीच त्रास देत नव्हते. शिक्षकांचे डोळे कुठे खिळतात ते यंत्र टिपत होते. ते सर्वांत जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळले. आणि तसे पाहणाऱ्यांत कृष्णवर्णीय शिक्षकही होते. ज्याच्याकडे सतत पाहिले जाते त्याची प्रत्येक हालचाल दिसते. ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याने शेजारच्याची पेन्सिल ओढली तरी ती ओढलेली नसते.

हे सगळे आधीपासून होतेच. १९९४ साली त्यावर कायद्याचे छप्पर चढले. बंदूकमुक्त शाळा कायद्याने ठरवले की शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला किमान एक वर्ष बाहेर काढावे, नाहीतर राज्याला केंद्राचा पैसा मिळणार नाही. कायदा बंदुकीपुरता होता, प्रत्येक प्रकरण वेगळे पाहायची मुभाही त्यात होती. पण ते दिवस गुन्हेगारीच्या भयाचे होते. नव्या पिढीत निर्दय बालगुन्हेगारांची लाट येणार, असे मोठमोठे अभ्यासक वर्तमानपत्रांत लिहीत होते. ती लाट कधीच आली नाही. शाळांनी मात्र ‘गय नाही’ हे धोरण बंदुकीवरून चाकूवर, चाकूवरून मारामारीवर आणि मारामारीवरून उलट उत्तरावर आणून ठेवले. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन गोऱ्या विद्यार्थ्यांनी हत्याकांड केले. त्यानंतर देशभर पहारे वाढले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावात फुटबॉल सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत झालेल्या मारामारीबद्दल कृष्णवर्णीय मुलांना दोन वर्षांसाठी शाळेतून काढण्यात आले. शस्त्र कोणाकडेच नव्हते. नागरी हक्क चळवळीचे नेते जेसी जॅक्सन तिथे मोर्चे घेऊन गेले, तेव्हा ती शिक्षा एका वर्षावर आली. पुढे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने दहा-बारा वर्षांचे सगळे संशोधन चाळले आणि या धोरणाने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा सापडत नाही असे म्हटले.

निलंबनाचे दिवस मूल कसे काढते याची कल्पना करावी. आई सकाळी कामावर जाते. रोजंदारीवर असेल तर तिची रजा म्हणजे बुडालेली मजुरी. घरात कोणी नसते. शाळेच्या आवारात पाय ठेवायला बंदी असते, म्हणून दुपारी मित्रांना भेटायला फाटकाशी गेला तरी तो अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. गणिताचे दोन धडे पुढे गेलेले असतात. परतल्यावर काही समजत नाही, समजत नाही म्हणून मूल चुळबुळ करते, आणि मग दुसरी चिठ्ठी. टेक्सासच्या अभ्यासात निलंबित झालेल्या वा काढलेल्या मुलांपैकी ३१ टक्के मुलांना एकदा तरी तीच इयत्ता पुन्हा करावी लागली होती. शिक्षा न झालेल्यांत हे प्रमाण पाच टक्के होते.

निलंबनामुळे मुले बिघडतात की बिघडणारी मुलेच निलंबित होतात, ही शंका रास्त आहे. तिचे समाधान करणारा एक प्रसंग नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात आपोआप घडून आला. २००२ साली तिथल्या शाळांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि एकाच गल्लीतली मुले वेगवेगळ्या शाळांत गेली. काही शाळांचे मुख्याध्यापक हात सैल सोडून निलंबित करणारे, काहींचे नाही. तीन अर्थशास्त्रज्ञांनी ती मुले मोठी झाल्यावर त्यांचे काय झाले ते पाहिले. कडक शाळेच्या वाट्याला आलेल्या मुलांना प्रौढपणी अटक होण्याची किंवा तुरुंगवास भोगावा लागण्याची शक्यता १५ ते २० टक्क्यांनी जास्त होती आणि त्यांच्यातून महाविद्यालयात जाणारे कमी होते. घर तेच, गल्ली तीच, बदलली ती फक्त शाळेची रेषा.

आपल्या माणसांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात आज कितीतरी मराठी घरांतली मुले सरकारी शाळांत शिकतात. या सगळ्या आकडेवारीत आशियाई मुलांचे निलंबन त्यांच्या पटसंख्येच्या मानाने फारच कमी असते. ‘आमच्या मुलांवर संस्कार आहेत’ असे त्याचे स्पष्टीकरण मी अनेक प्रेमळ घरांतून ऐकले आहे. संस्कार असतीलही. पण जी नजर डार्नेलच्या दोन चुकांचा स्वभाव करते, तीच नजर आपल्या आदित्यच्या दोन चुका ‘आज बरं नसेल त्याला’ म्हणून सोडून देते. त्या सवलतीचा फायदा घेणाऱ्या पालकांनी शाळेच्या सभेत डार्नेलच्या आईशेजारी बसावे, असे मला मनापासून वाटते.

मी आयुष्यभर शिक्षकांना शिकवले, त्यामुळे शिक्षकाची बाजू माझ्या मनात पक्की आहे. वर्गात एक मूल खुर्ची फेकत असेल तर उरलेल्या मुलांचाही हक्क असतो, आणि अमेरिकेतल्या शहरी शाळांत ती उरलेली मुलेही पुष्कळदा गरीब आणि कृष्णवर्णीयच असतात. निलंबन बंद करा, एवढे वरून फर्मान काढून शिक्षकाला एकटे सोडणारी धोरणेही मी वाचली आहेत, आणि ती मला पटत नाहीत. पिट्सबर्गच्या शाळांत २०१५ ते २०१७ या काळात निलंबनाऐवजी मुलांना गोल बसवून बोलते करण्याची, ज्याला दुखावले त्याच्याशी समेट घडवण्याची पद्धत आणली गेली. रँड या संस्थेने तिचा काटेकोर अभ्यास केला. निलंबने कमी झाली, रंगावरची तफावत घटली, शाळेचे वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले. मात्र सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. हा निष्कर्ष सुधारणेच्या बाजूचे लोक पुष्कळदा गाळतात. गाळू नये. समेटाचे काम करायला वेळ लागतो, माणसे लागतात. ते शिक्षकाच्या पाठीवर आणखी एक ओझे म्हणून टाकले तर शिकवणे मागे पडणारच. २०१९ साली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने दाखवून दिले की देशातली १ कोटी ४० लाख मुले अशा शाळांत शिकतात जिथे पोलीस आहे, पण समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक यांपैकी कोणीच नाही. पैसा आहे; तो कोणावर खर्च करायचा याची निवड झालेली आहे.

कमी खर्चात काय साधते, याची दोन उदाहरणे. ओकोनोफुआ यांनीच कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांत गणिताच्या ३१ शिक्षकांपैकी काहींना वर्षातून दोनदा एक छोटा स्वाध्याय दिला. मूल वाईट का वागले असेल हे आधी समजून घेण्याबद्दलचे काही लेख आणि मुलांचे अनुभव वाचायचे आणि आपण वर्गात काय करतो ते लिहायचे. त्या शिक्षकांकडे शिकणाऱ्या मुलांचे वर्षभरातले निलंबन ४.८ टक्के राहिले, उरलेल्या शिक्षकांच्या मुलांचे ९.६ टक्के. दुसरे उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाच्या शाळांचे. कॉन्स्टन्स लिंडसे आणि कॅसँड्रा हार्ट यांना आढळले की ज्या वर्षी कृष्णवर्णीय मुलाला कृष्णवर्णीय शिक्षक मिळतो त्या वर्षी त्याच्या वाट्याला अशा शिक्षा कमी येतात. साठीच्या दशकात घरी बसवलेल्या शिक्षकांचे मोल इतक्या उशिरा मोजले गेले.

वॉशिंग्टनमधल्या सरकारांची कथा थोडक्यात सांगते, कारण ती दर निवडणुकीला उलटते. जानेवारी २०१४ मध्ये ओबामा सरकारच्या शिक्षण आणि न्याय खात्यांनी शाळांना पत्र पाठवले की नियम वरवर समान असला तरी त्याचा मार एकाच वंशाच्या मुलांवर पडत असेल तर आम्ही चौकशी करू. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीवरून डिसेंबर २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने ते पत्र मागे घेतले. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा आदेश काढून परिणामांवरून भेदभाव मोजण्याच्या दृष्टीलाच विरोध केला. त्याच्या महिनाभर आधी शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या बारापैकी सात प्रादेशिक कचेऱ्या बंद झाल्या होत्या. २००१ च्या एका निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाला अशा विषम परिणामावरून थेट कोर्टात जाण्याची वाट बंद केली आहे. तो अधिकार सरकारकडेच उरला होता. म्हणजे आज डार्नेलच्या आईला आपल्या शाळेत काय चालले आहे हे आकड्यांनिशी दिसले, तरी हेतू सिद्ध केल्याशिवाय तिला न्यायालयात फारसे काही मिळत नाही. हेतू तर चिठ्ठीवर कोणी लिहीत नाही.

म्हणून मला जास्त आशा वाटते ती खालून झालेल्या कामाची. कॅलिफोर्नियात शाळांच्या निलंबनांपैकी एके काळी जवळजवळ निम्मी निलंबने ‘जाणूनबुजून अवज्ञा’ या एका कारणाखाली होत होती. ते कारणच यादीतून काढा, ही मागणी लॉस एंजेलिसच्या शाळकरी मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी लावून धरली. २०१३ च्या मे महिन्यात तिथल्या निवडून आलेल्या शिक्षण मंडळाने मतदान घेऊन अवज्ञेसाठी निलंबन बंद केले. पुढच्या वर्षी राज्याने तिसरीपर्यंत तसाच कायदा केला. २०१९ मध्ये तो आठवीपर्यंत आणि २०२३ मध्ये बारावीपर्यंत वाढला. सहावी ते बारावीच्या वर्गांसाठी त्याची मुदत २०२९ च्या जुलैपर्यंत आहे, तेव्हा ही झुंज पुन्हा लढावी लागेल.

त्या कायद्यात शिक्षकाला वाऱ्यावर सोडलेले नाही. आवरत नसलेल्या मुलाला शिक्षक अजूनही आपल्या वर्गातून त्या दिवसापुरते आणि दुसऱ्या दिवसापुरते बाहेर पाठवू शकतो, पण मूल शाळेतच राहते. तो ते प्रकरण शाळेच्या प्रशासकाकडे सोपवतो. आणि मग कामाच्या पाच दिवसांत प्रशासकाने मुलासाठी काय केले ते लिहून त्याच्या नोंदीत ठेवायचे असते, चिठ्ठी पाठवणाऱ्या शिक्षकाला कळवायचे असते, आणि काहीच केले नसेल तर का केले नाही, तेही सांगायचे असते.